रेषेपाशी एकदा, दिसेल तिथे पुन्हा

चौकात गाडी नेमकी कुठे थांबवावी, यावर लोक हिरिरीने भांडतात खरे, पण एकाच प्रश्नावर भांडत नाहीत. एक बाजू म्हणते, रस्त्यावर रेषा आखली आहे, तिच्या मागे थांबा, विषय संपला. दुसरी बाजू विचारते, रेषेपाशी उभं राहून आडव्या रस्त्यावरचं काहीच दिसत नसेल तर तिथे थांबून करायचं काय? जिथून दिसतं तिथेच थांबावं. पहिल्या बाजूकडे ‘नियम आहे म्हणून’ याखेरीज उत्तर नसतं, दुसरीकडे रोजचा अनुभव असतो. आणि कोरडा नियम विरुद्ध अनुभव अशी कुस्ती लागली की ऐकणारे अनुभवाच्या बाजूने झुकतात, यात नवल नाही. माझं मत असं, की रेषेची बाजू बरोबर आहे, पण तिचे वकील ती फार वाईट मांडतात. थांबणं आणि बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती दोन वेगळ्या जागी करायची असतात, आणि ठरलेल्या क्रमाने. आधी रेषेच्या मागे पूर्ण थांबायचं. तिथून दिसत नसेल तर सावकाश पुढे सरकायचं आणि जिथून दिसतं तिथे पुन्हा थांबायचं. दोनदा थांबणं ज्यांना अतिरेक वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

‘दिसेल तिथे थांबा’ म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं, कारण ते पुष्कळ आहे. चालकाचे डोळे गाडीच्या बंपरपाशी नसतात, त्याच्या दोन मीटरहून अधिक मागे असतात. रेषा झेब्रा क्रॉसिंगच्या मीटरभर अलीकडे, क्रॉसिंग साधारण तीन मीटर रुंद, आणि त्यानंतर कुठे आडवा रस्ता सुरू होतो. म्हणजे रेषेच्या मागे नीट थांबलेल्या माणसाचे डोळे आडव्या रस्त्याच्या कडेपासून सहा-सात मीटर आत असतात. कोपऱ्यावर भिंत असेल, कुंपणाची झाडी वाढली असेल किंवा एखादा टेम्पो उभा असेल, तर त्याला दिसते ती फक्त भिंत, झाडी किंवा टेम्पो. त्यातच समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आजच्या गाड्यांत जाड झाले आहेत; गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून ते तसे केले आहेत, पण त्यांच्याआड दूरवरून येणारी मोटरसायकल आख्खी लपते. तेव्हा रेषेपाशून दिसत नाही ही तक्रार खोटी नाही. रेषेच्या समर्थकांनी ती उडवून लावणं ही त्यांची सगळ्यात मोठी चूक आहे.

पण या तक्रारीतून निष्कर्ष काय निघतो? ‘इथून दिसत नाही, म्हणून इथे थांबणं व्यर्थ’ या वाक्यात एक गृहीत दडलेलं आहे: थांबायची जागा चालकाला बघता यावं म्हणून ठरवलेली असते. हे कुणी सांगितलं? रेषेच्या आणि आडव्या रस्त्याच्या मध्ये जी पट्टी उरते, तिथून माणसं चालत असतात. रेषा त्यांच्यासाठी आहे. तुम्ही पुढे जाऊन आडव्या रस्त्याकडे बघणार असाल तर वाटेत ही पट्टी ओलांडणार आहात, आणि ती ओलांडण्याआधी तुमचा वेग शून्य झालेला असावा, एवढंच रेषेचं मागणं आहे. ताशी १० किलोमीटर हा वेग चालकाला जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. समोर माणूस आला हे डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात जवळपास सगळं झेब्रा क्रॉसिंग गाडीखालून गेलेलं असतं. मग ‘मी हळूच पुढे येत होतो’ याला अर्थ काय उरला?

आणि त्या सेकंदात चालक बघत कुठे असतो? ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूला. फिनलंडमधल्या संशोधकांनी वळणाऱ्या चालकांची नजर तपासून १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला धोका डावीकडून येणाऱ्या गाड्यांचा. असे चालक डावीकडेच टक लावून बघत राहतात आणि उजवीकडून आलेला सायकलस्वार त्यांच्या नजरेत येतच नाही, असं त्यात दिसलं. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे बाजू उलट, सवय तीच. हा निव्वळ बेफिकिरीचा दोष नाही. जिकडून मोठा धोका येण्याची शक्यता तिकडे माणूस आधी बघतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणूनच चालत्या गाडीतून एकाच वेळी दोन्हीकडे बघण्याचं काम त्याच्यावर टाकू नये. रेषेपाशी थांबून आधी जवळचं बघावं, पायी जाणाऱ्यांचं, सायकलवाल्यांचं. ते झालं की पुढे सरकून लांबचं बघावं, येणाऱ्या गाड्यांचं. पहिल्या थांब्यापाशून आडवा रस्ता दिसत नसला तरी झेब्रा क्रॉसिंग मात्र जवळजवळ पूर्ण दिसतं. ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे त्या वेळी माणसांना धरतच नाहीत.

एकाच दिशेला दोन लेन असतील तर मामला आणखी गंभीर होतो, आणि या मुद्द्याची चर्चा फार कमी होते. समजा, एका लेनमधला चालक सौजन्याने थांबला, पण अगदी झेब्रा क्रॉसिंगला बंपर टेकवून. त्याच्या समोरून माणूस ओलांडू लागला. शेजारच्या लेनमधून येणाऱ्या दुसऱ्या चालकाला तो माणूस दिसतो कधी? थांबलेल्या गाडीच्या कोपऱ्यातून बाहेर आल्यावर, म्हणजे त्याच्या गाडीसमोर आल्यावरच. पहिला चालक काही मीटर मागे थांबला असता तर दोघांच्या नजरेची रेषा मोकळी राहिली असती. अमेरिकेच्या रस्तेचिन्हांच्या नियमावलीत याचसाठी, सिग्नल नसलेल्या बहुलेन रस्त्यावरच्या क्रॉसिंगपाशी वाहनांनी थांबायची खूण २० ते ५० फूट अलीकडे करायला सांगितलं आहे. सहा ते पंधरा मीटर! गाडीत बसल्या बसल्या हे अंतर हास्यास्पद वाटेल. पण थांबलेली गाडी स्वतः एक भिंत असते, आणि ती भिंत कुठे उभी करायची हे चालकाच्या हातात असतं.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा विचार तर या वादात कुणी करतच नाही. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस समांतर चाललेल्या गाड्यांच्या आवाजावरून आपली दिशा धरतो. क्रॉसिंगमध्ये नाक खुपसून उभी असलेली गाडी काठीला लागली की त्याला वळसा घालावा लागतो. वळसा घालताना दिशा सुटते, आणि तो चौकाच्या मध्याकडे भरकटू शकतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं तसंच. फूटपाथचा उतार क्रॉसिंगच्या समोर असतो. गाडी तिथे आडवी आली तर त्याने पलीकडे कुठे चढायचं? धडधाकट माणूस बंपरला वळसा घालून, मनातल्या मनात दोन शिव्या देऊन निघून जातो, म्हणून आपल्याला वाटतं की गाडी हातभर पुढे गेली तर बिघडलं काय.

रेषेला आणखी दोन कारणं असतात, ती थोडक्यात सांगतो. लांब बस किंवा ट्रक वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. म्हणून चालक आधी पुढचं तोंड बाहेर काढतो आणि मग वळतो. त्यासाठी कधी कधी एखाद्या लेनची रेषा शेजारच्या लेनपेक्षा बरीच मागे आखावी लागते. बघणाऱ्याला ती रंगाऱ्याची चूक वाटते. एखादी गाडी त्या रेषेपुढे उभी राहिली की बस अडकते, गाडीच्या मागे रांग लागलेली असल्याने तिलाही मागे जाता येत नाही, आणि आख्खा चौक ठप्प होतो. दुसरं कारण डांबराखाली असतं. पुष्कळ सिग्नलना गाडी आल्याचं रेषेजवळ पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यामुळे कळतं. गाडी त्याच्या पुढे निघून गेली की यंत्रणेच्या लेखी तिथे कुणी नाहीच, आणि चालक हिरव्या दिव्याची वाट बघत ताटकळतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना रस्त्यावर जन्मली नाही, रूळांवर जन्मली. दोन रूळमार्ग जिथे एकमेकांना मिळतात, तिथे त्यांच्या मधोमध एक खूण असते; रेल्वेत तिला फाउलिंग मार्क म्हणतात. उभी गाडी त्या खुणेच्या पुढे आली तर शेजारच्या मार्गावरून जाणारी गाडी तिला घासणार. ती खूण थांबलेल्या गाडीच्या सोयीची आहे का? मुळीच नाही. तिथून काय दिसतं याच्याशी तिचा संबंधच नाही. दुसऱ्याच्या मार्गात आपण येतो कुठून, ती जागा ती दाखवते. आणि जगातला पहिला वाहतूक सिग्नल रेल्वेच्याच माणसाने उभारला, हा योगायोग नव्हे. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या संसदेबाहेर जॉन पीक नाइट यांनी रेल्वेसारखे हात असलेला, रात्री गॅसच्या दिव्यांवर चालणारा सिग्नल बसवला. जानेवारी १८६९ मध्ये त्याचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला, ही गोष्ट सगळे सांगतात. तो सिग्नल कशासाठी होता हे मात्र सांगितलं जात नाही. पायी जाणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून घोडागाड्या क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना रोखून धरायच्या, हे त्याचं घोषित काम होतं. मोटारगाडी रस्त्यावर यायच्या आधीच थांबायची जागा पायी चालणाऱ्यावरून ठरली होती.

आता कायद्यांकडे बघू, कारण दुसरी बाजूही कायद्याचाच दाखला देते. ‘जिथून आडवा रस्ता दिसतो तिथे थांबावं’ असं पुष्कळ नियमांत लिहिलेलं असतं, हे खरं आहे. पण ते वाक्य तिसऱ्या पायरीवर असतं. अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांना नमुना ठरलेल्या संहितेत क्रम असा आहे: रेषा असेल तर रेषेपाशी; रेषा नसेल तर क्रॉसिंगच्या आधी; तेही नसेल तर जिथून आडवा रस्ता दिसेल अशा जागी. लोक शेवटचं तेवढं उचलतात आणि पहिल्या दोन पायऱ्या गाळतात. भारतातल्या १९८९ च्या रस्तानियमांत तर थांबण्याचा इशारा असताना गाडीचा कोणताही भाग रेषेच्या पुढे येता कामा नये, असं होतं. म्हणजे मोजायचं बंपरपासून, चाकापासून नाही. जर्मनीच्या नियमाने तर हा वाद कधीच मिटवला आहे. थांबण्याच्या रेषेपाशी थांबा, आणि गरज असेल तर जिथून रस्ता दिसतो तिथे पुन्हा थांबा, असं तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. जपानच्या कायद्यात थांबायचं ते रेषेच्या अगदी अलीकडे. आणि दृष्टी अडवणाऱ्या कोपऱ्यांवर टप्प्याटप्प्याने दोनदा-तीनदा थांबत पुढे जाण्याची पद्धत तिथे शिकवली जाते. एका थांब्यात दोन्ही कामं कोंबण्याचा हट्ट कशासाठी?

यावर पहिला आक्षेप वेळेचा आणि इंधनाचा. दुसऱ्या थांब्याला काही सेकंद जास्त लागतात, हे मान्य. पण इंधनाच्या नावाखाली थांबण्याचा नियम सैल केला की काय होतं, हे एकदा पाहून झालं आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाल दिवा असतानाही उजवीकडे वळू देण्याची लाट आली, आणि १९७५ च्या ऊर्जा कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या मदतीला ती अट जोडली. कागदावर नियम चोख होता: आधी पूर्ण थांबा, पायी जाणाऱ्याला वाट द्या, मग वळा. रस्त्यावर उलटं झालं. चालक क्रॉसिंगवर सरकत येऊन, मान दुसरीकडे वळवून, गाड्यांमधली फट शोधू लागले. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांनी पादचाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना ठोकण्याचं प्रमाण वाढल्याचं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अभ्यासांत दिसून आलं. वाचलेलं इंधन गाडीवाल्यांच्या खात्यात गेलं, किंमत पायी जाणाऱ्यांनी मोजली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पुढची गाडी रेषेवरून सुटली आणि चार मीटरवर पुन्हा थांबली, तर मागचा चालक फसतो. समोरचा गेला असं समजून तो आडव्या रस्त्याकडे बघत पुढे येतो आणि ठोकतो. अशा धडका होतात, यात शंका नाही. पण तो मागचा चालक तेव्हा कुठे असायला हवा होता? रेषेवर पूर्ण थांबणं प्रत्येक गाडीला स्वतंत्रपणे लागू आहे; पुढच्याने थांबून मागच्याचंही थांबणं उरकलं, असं होत नाही. मागचा रेषेपाशी खरोखर थांबला असेल तर समोरची गाडी पुन्हा थांबलेली त्याला दिसेल. तरीही एखादा चुकलाच, तर दोन बंपर एकमेकांवर आपटतात, त्या वेगाला पत्रा चेपतो. उलट दुसऱ्या पद्धतीत बंपर माणसाच्या गुडघ्यावर आपटतो. या दोन धोक्यांना एका तराजूत घालायचं असेल तर निदान वजनं खरी घालावीत.

‘रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना कुणासाठी थांबायचं?’ हा तिसरा. रस्त्यावर कुणी नाही हे चालकाला कळतं कसं? बघून. अंधारात, दिव्यांच्या झोतात, गडद कपड्यांतला माणूस कोपऱ्यावरून येत असेल तर तो थांबून बघितल्यावरच दिसणार. आपण बघायचं ते माणूस असेल म्हणून. न बघताच तो नाही असं ठरवून टाकणं हा तर्क उलट्या पायांनी चालतो.

आता राहिला तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त सहमती आहे. पुष्कळ रेषा चुकीच्या जागी असतात, पुसलेल्या असतात, किंवा नसतातच. इथे दोष चालकाचा मानून चालणार नाही, आणि पुन्हा रेल्वेचंच उदाहरण द्यावं लागेल. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह इथे एक गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. ३१ माणसं गेली. एसएन १०९ नावाचा तोच सिग्नल १९९३ पासून आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत चालकापाशी न थांबता प्रश्न पुढे नेले गेले: सिग्नल नीट दिसत होता का, चालकाला प्रशिक्षण कसं मिळालं होतं, आणि आधीच्या घटनांनंतर कुणी काही का केलं नाही? एखाद्या चौकात दहातले आठ चालक रोज रेषेपुढे थांबत असतील तर रस्तेविभागाने दंडाच्या पावत्या फाडण्याआधी तिथे येऊन, गाडीत बसून, डोळ्यांनी बघायला हवं. कोपरा मोकळा करता येईल का? पार्किंग हटवता येईल का? सिग्नल कुठे आहे, हेही बघावं. युरोपातल्या बऱ्याच देशांत दिवा रेषेपाशीच, अलीकडच्या बाजूला असतो. रेषा ओलांडून उभं राहिलं की तो डोक्याच्या मागे जातो आणि दिसेनासा होतो. फ्रान्समध्ये तर खांबावर डोळ्यांच्या उंचीला छोटे दिवे जोडलेले असतात, म्हणजे रेषेपाशी थांबलेल्याला मान वर करावी लागत नाही. अमेरिकेत दिवे चौकाच्या पलीकडे टांगलेले असतात, कितीही पुढे सरकलं तरी दिसत राहतात, आणि तिथे चालक सरकतातही. पोलीस नसताना कोणती रचना माणसाला मागे ठेवते, हे उघड आहे.

मात्र रेषा चुकली आहे हे कारण पुढे करून थांबणंच सोडून देणं मला मान्य नाही. चुकीच्या जागच्या रेषेपाशी थांबल्याने जास्तीत जास्त काही सेकंद वाया जातात. बरोबर जागच्या रेषेला चुकीची समजून पुढे गेलं तर काय होतं, ते वर आलंच आहे. आणि ती चूक की बरोबर, हे स्टिअरिंगमागे बसलेल्याला एका क्षणात ठरवता येत नाही, कारण बसच्या मागच्या चाकांचा मार्ग त्याला दिसत नसतो.

हिरव्या दिव्याचं एकच सांगतो. समोर चौकापलीकडे जागा नसेल तर दिवा हिरवा असूनही रेषेच्या मागेच थांबायचं असतं. ब्रिटनने १९६७ पासून चौकात पिवळ्या जाळीचे चौकोन आखले ते याचसाठी: बाहेर पडायची वाट मोकळी असल्याशिवाय आत शिरायचं नाही. मागचा हॉर्न वाजवत राहील. त्याला वाजवू द्यावा.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. एक, वाहतुकीच्या नियमपुस्तकात. रेषेपाशी थांबा आणि गरज पडल्यास पुढे दृष्टी मिळेल तिथे पुन्हा थांबा, हे जर्मनीने लिहिलेलं वाक्य प्रत्येक देशाच्या नियमांत जसंच्या तसं असायला हवं, म्हणजे दोन अर्ध्या सत्यांवर लोक भांडणार नाहीत. दुसरी, परवान्याच्या परीक्षेत. उमेदवाराला एखाद्या आंधळ्या कोपऱ्यावर न्यावं आणि दोन थांब्यांचे गुण वेगवेगळे द्यावेत: बंपर रेषेच्या मागे होता का, चाकं पूर्ण थांबली का, तिथे त्याने क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं का, आणि नंतर, पुढे सरकताना पाय ब्रेकवर होता का, आडवा रस्ता दिसताक्षणी तो पुन्हा थांबला का. पहिल्या भागात नापास झालेल्याला दुसऱ्या भागाच्या जोरावर परवाना मिळू नये.